आधी कान, मग गळा



जबलपूरच्या या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, मराठी कवितेवर बोलणं झालं असेल. आजच्या पत्रिकेवर विषय आहे ख्रिस्ती लोकरॉक बँडचा नाद आणि त्याची ओढ. पत्रिका वाचून तुमच्यापैकी काहींना नक्की वाटलं असेल, की गिटार-ड्रम घेऊन येशूची गाणी म्हणणाऱ्या मुलांचा आणि आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. हे संगीत लोकांना धरून ठेवतं ते कशामुळे, असा माझाही एक प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांचा माग काढता काढता आपण अहमदनगरला जाऊ, पुण्याला जाऊ आणि अखेर इथून जवळच, मंडल्याच्या डोंगरांत येऊ. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी नादाबद्दल.

१९६५ साली बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि समोरच्या श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांनी आरडाओरडा केला. साध्या लाकडी गिटारवर म्हणायच्या लोकगीतात विजेचा गोंगाट कशाला, हे त्यांचं म्हणणं. पण लोकगीताची सरळ चाल आणि रॉकचा जोर यांचं लग्न तेव्हा लागलं ते टिकलं. चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, लॅरी नॉर्मन या तरुणाची ‘अपॉन धिस रॉक’ ही तबकडी निघाली. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. अनेक चर्चना ते मुळीच रुचलं नाही. ड्रमचा ठेका देवाच्या घरात नको, असं वडीलधारे म्हणाले. तरुण मात्र आले. पुढे १९९५ साली जार्स ऑफ क्ले या बँडची पहिली तबकडी आली आणि तिच्यातलं ‘फ्लड’ हे गाणं चर्चशी काही देणंघेणं नसलेल्या रेडिओ केंद्रांवरही वाजलं. ज्यांनी कधी बायबल उघडलं नव्हतं त्यांनीही ते गुणगुणलं.

का गुणगुणलं? मला तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही कानाला ऐकू येणारी आहेत. पहिलं, या संगीताच्या मुळाशी लाकडी गिटार असते आणि तिच्या पोलादी तारांवरून फिरणारं बोटसुद्धा ऐकू येतं. गाणारा माणूस खोलीत आपल्यासमोर बसलाय असं वाटतं. दुसरं, हे संगीत कुजबुजीतून सुरू होतं आणि एकदम उसळतं. कडवं दबक्या आवाजात, ध्रुपद सगळ्यांच्या गळ्यातून. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे गळा घासूनपुसून लखलखीत केलेला नसतो. आवाज फाटला तर फाटू देतात. ज्याला देवाशी भांडायचंय त्याचा आवाज फाटणारच ना?

भांडण म्हटलं की काहींच्या भुवया उंचावतील. मंडळी, बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. देवा, तू आहेस कुठे, किती दिवस तोंड फिरवून बसणार, असं विचारणारा. क्रुसावर येशूच्या तोंडी येतो तो आक्रोशही बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा. पण रविवारच्या उपासनेत हळूहळू स्तुती राहिली, आभार राहिले आणि विलाप मागे पडला. दुःखात बुडालेला माणूस देवळात आला आणि त्याला फक्त आनंदाचीच गाणी म्हणायला लावली, तर तो दुसऱ्यांदा येईल का? या बँडांनी विलापाला पुन्हा गाण्यात जागा दिली. त्यांची ओढ तिथे आहे.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती कडाक्यानं भांडतात! जनाबाई त्याला शिव्या देते, आणि त्याच विठ्ठलाला दळायला बसवते. नामदेव रुसतात. भक्ती आणि तक्रार एकाच गळ्यातून निघतात हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. सातव्या शतकातली, इंग्लंडच्या व्हिट्बी इथल्या मठातली. बीड नावाच्या इतिहासकार साधूनं ती लिहून ठेवली आहे. मठात कॅडमन नावाचा एक गुराखी होता. मेजवानीत वाद्य हातोहात फिरायचं, ज्याच्याकडे येईल त्यानं गायचं. वाद्य आपल्या दिशेनं येताना दिसलं की कॅडमन उठून निघून जायचा, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात कुणीतरी त्याला म्हणालं, गा. आणि तो गायला. पुढची गोष्ट जास्त सुंदर आहे. तो निरक्षर होता. मठातले विद्वान त्याला धर्मग्रंथातल्या कथा वाचून दाखवत, तो त्या ऐकून घेई, मनात घोळवत राही आणि नंतर त्यांचं आपल्या भाषेतलं गाणं करून परत देई. गुराखी, शिंपी, कुंभार, दासी यांच्या तोंडून धर्म ऐकायची आपल्याला सवय आहे, म्हणून हा कॅडमन मला परका वाटत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९९० च्या दशकात तरुणांनी एक लोकरॉक बँड काढला, त्याला नाव दिलं कॅडमन्स कॉल. त्या बँडकडे मी पुन्हा येणार आहे. तोवर एवढंच लक्षात ठेवा: कॅडमनचा गळा उघडला, पण त्याच्या गाण्याला पोसलं ते त्याच्या कानानं.

आता आपल्या घरी येऊ.

मराठीत ख्रिस्ती गीताची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत! ओवीच का? कारण हा माणूस आधी ऐकत बसला. इथले लोक पुराण ऐकतात, ओवी त्यांच्या कानात बसलेली आहे, हे त्यानं ओळखलं. गोव्यात आणि किनारपट्टीवर ते पुराण पुढे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यानं वाचलं गेलं. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी झाली. त्यांनी आपल्याकडच्या चाली बरोबर आणल्या आणि त्यांत मराठी शब्द बसवले. त्यात प्रामाणिकपणा होता, श्रद्धा होती. पण इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरांच्या मोजणीवर. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर लांबवायचं आणि दीर्घ अक्षर घाईनं गिळायचं, अशी पाळी गाणाऱ्यावर यायची. गळा म्हणे, कान मान्य करीना.

ही कोंडी फोडायला आधीच्या पिढीतल्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन केलं. आणि मग आले नारायण वामन टिळक.

टिळकांचं आणि आपल्या या जुन्या मध्य प्रांताचं नातं इथे आवर्जून सांगायला हवं. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. पण आयुष्याला वळण लागलं ते नागपूर आणि राजनांदगाव यांच्या मधल्या रेल्वेच्या डब्यात. १८९३ साल. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम करून झालेलं, राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळालेली. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या. त्यानं हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना पुढे कधी कळलं नाही असं सांगतात. त्यानंतरची होरपळ, पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट, दोघांचं परत एकत्र येणं, हे सगळं लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मला टिळकांची एकच गोष्ट आज पुढे ठेवायची आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोचलो, असं ते सांगत. हे बोलणं त्यांनी संगीतात उतरवलं. अहमदनगरच्या मुक्कामात त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनाला उभे राहिले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शेकड्यांनी गीतं आहेत. आजही रविवारी ती म्हटली जातात. मोठ्या अभंगाची रचना बघा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. तीन चरण भरलेले, चौथा आखूड. त्या आखूड चरणानंतर जी मोकळी जागा उरते तिथे मृदंग बोलतो, टाळ बोलतो, आणि समोरचे लोक श्वास घेऊन पुढची ओळ उचलतात. गाणाऱ्यांना आत घेण्याची सोय या रचनेतच आहे. लोकरॉकमध्ये ओळ संपल्यावर गिटार एकटी झणझणते, ती याच जागी. दोन टोकांच्या दोन परंपरा, पण माणसांना गाण्यात ओढून घेण्याची युक्ती एकच.

आणि लक्ष्मीबाई! शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय बाईंनी लिहिले. त्यांनी पद्य शिकलं कुठे? ओव्या ऐकून, अभंग ऐकून, नवऱ्याला कविता रचताना ऐकून. कॅडमनची सख्खी बहीण शोभते ही बाई.

मंडळी, आता मी तुम्हाला पुण्याहून नर्मदेकाठी घेऊन येतो.

टिळक गेल्यावर चार वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांचं इंग्रजी चरित्र निघालं. लेखक जे. सी. विन्स्लो. याच विन्स्लोंनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. खादी, जमिनीवर बसून उपासना, भारतीय संगीत, असा त्या संघाचा रीतरिवाज. १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण पाद्री पुण्याच्या या संघात दाखल झाला. त्याचं नाव व्हेरियर एल्विन. तिथे त्याला शामराव हिवाळे भेटले, मराठी ख्रिस्ती घरातले. १९३२ च्या सुरुवातीला हे दोघं तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. जबलपूरकरांना करंजिया कुठे आहे हे मी सांगायला नको.

एल्विनचं नाव जग घेतं. शामरावांचं नाव आपण मराठी माणसं तरी किती घेतो? हा माणूस गोंडांना धर्म शिकवायच्या वाटेनं निघाला होता, आणि तिथे जाऊन त्यानं त्यांची गाणी ऐकली. शेतात, रानात, तेंदूपत्ता तोडताना म्हटलेली ददरिया, रात्रभर मांदरच्या तालावर चालणारा करमा. १९३५ मध्ये हिवाळे आणि एल्विन यांचा गोंडांच्या लोकगीतांचा संग्रह ‘सॉंग्ज ऑफ द फॉरेस्ट’ लंडनला निघाला. त्यावर नाव आधी शामरावांचं आहे. १९४४ मध्ये ‘फोकसॉंग्ज ऑफ द मैकल हिल्स’. आणि १९४६ मध्ये परधानांवरचा शामरावांचा स्वतःचा ग्रंथ. परधान म्हणजे गोंडांचे गायक. तीन तारांचा बाना गजानं वाजवत बडादेवाची आणि गोंड राजांची गाणी यजमानाच्या दारात म्हणणारे. एल्विननं याच काळात चर्चचं पाद्रीपण सोडलं, तो भाग मोठा आहे आणि आज माझा विषय नाही. पण शामरावांनी जे केलं ते माझ्या आजच्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे. टिळकांकडून विन्स्लोंकडे, विन्स्लोंकडून या दोघांकडे, असा एक धागा अहमदनगरहून मैकलच्या डोंगरांपर्यंत येतो. ख्रिस्ती गाण्याला आपल्या मातीचा गळा हवा, असं टिळकांना वाटलं. शामरावांना वाटलं, आधी त्या मातीचं गाणं पुरतं ऐकलं तरी आहे का कुणी?

आता बँडकडे परत येऊ.

हिंदी भजनं गाणाऱ्या या जातीच्या बँडांतलं ठळक नाव म्हणजे आराधना. नेपाळमध्ये मिशनरी डॉक्टर आईवडिलांच्या घरी वाढलेला क्रिस हेल आणि गिटारवादक पीट हिक्स यांनी २००० च्या सुमारास तो सुरू केला. त्याआधी दोघं ओलिओ नावाच्या रॉक बँडमध्ये होते. म्हणजे रॉकचा जोर हातात होता. तो बाजूला ठेवून हेल सतार घेऊन बसला आणि हिंदीतली येशूभजनं गाऊ लागला. त्यांची पहिली तबकडी ‘दीप जले’. उत्तर भारतात आधीपासून म्हटली जाणारी भजनं त्यांनी उचलली, नवी रचली. तुम्ही ती ऐकलीत तर पहिल्यांदा चर्च आठवणारच नाही. संथ सुरुवात, सतारीचे सूर उलगडत जाणं, एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची, मग लय चढत जाणं.

सतार-गिटारच्या या मेळात एक खरी अडचण आहे आणि संगीताची आवड असणाऱ्यांनी ती ऐकून पाहावी. सतार षड्जाला बांधलेली असते. सगळा राग त्या एका सुराभोवती फिरतो, तरफेच्या तारा त्या रागाच्या सुरांना मिळवलेल्या असतात. गिटारची मजा उलट. तिथे पायाखालचा स्वरमेळ ओळीगणिक बदलतो. गिटारवाल्यानं आपल्या सवयीनं मेळ बदलले तर राग तुटतो. त्यानं काहीच केलं नाही तर तो शोभेचा. मग वाट एकच राहते: गिटारनं षड्ज-पंचमाच्या तारा मोकळ्या झणझणत ठेवायच्या, मेळ मोजकेच बदलायचे आणि सतार काय म्हणते ते ऐकून पाऊल टाकायचं. आराधनाच्या चांगल्या भजनांत मला हे ऐकणं ऐकू येतं. सतार आणि गिटार एकत्र आली म्हणजे मेळ जमला असं नव्हे. बाजारात असे शेकडो मेळ आहेत, आणि त्यांत सतार नुसती अत्तरासारखी शिंपडलेली असते.

सतार आणि गिटार म्हटल्यावर जबलपूरकरांना बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आठवेलच. महर्षी महेश योगींचं या शहराशी असलेलं नातं तुम्ही जाणता. त्यांच्याकडे १९६८ साली बीटल्स ऋषिकेशला आले. दोन वर्षांनी हॅरिसननं ‘माय स्वीट लॉर्ड’ केलं. लाकडी गिटारींच्या थरावर एका देवाचा जयघोष चाललेला असतो आणि ऐकता ऐकता तो दुसऱ्या देवाच्या नामात मिसळतो. ते गाणं ख्रिस्ती म्हणायचं की वैष्णव? त्यातल्या माणसाला देव भेटायची घाई झालेली आहे, एवढं मला कळतं, आणि तेवढ्यानं मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो.

कॅडमन्स कॉलची गोष्ट अर्धी राहिली. हा बँड महाविद्यालयीन तरुणांचा आवडता. लाकडी गिटारी, बरोबरीनं गाणारे तीन-चार गळे, श्रद्धा डळमळल्याची कबुली देणारे शब्द. नाव झालं होतं, ठरलेला श्रोता होता. २००४ साली त्यांनी ‘शेअर द वेल’, म्हणजे विहीर वाटून घ्या, ही तबकडी काढली. तिच्यासाठी ते एक्वाडोर, ब्राझील आणि भारत इथे गेले आणि तिथल्या वादकांना बरोबर घेऊन वाजवलं. भारतात त्यांनी दलितांच्या जगण्याविषयी ऐकलं आणि ते गाण्यांत आलं. पाण्याची विहीर कुणाला आणि कुणाला नाही, हा प्रश्न महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी जगासमोर मांडला होता. टेक्सासच्या मुलांना तो ऐकू यायला बराच काळ लागला. पण ऐकू आला, हेही नोंदवायला हवं. त्यात धोका आहे, तो मी झाकणार नाही. चार दिवस येऊन दुसऱ्याच्या दुःखावर गाणं रचायचं आणि निघून जायचं, यानं ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि ज्याचं दुःख आहे तो होता तिथेच राहतो. शामराव हिवाळे वर्षानुवर्षं राहिले. फरक इथे पडतो. तरीही ती तबकडी मला त्या बँडच्या बाकीच्या कामापेक्षा खरी वाटते, कारण तिच्यात पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा आवाज थोडा मागे सरकलेला आहे आणि दुसऱ्याचं ढोलकं पुढे आलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यातलं धर्मप्रचाराचं काय? विचारायलाच हवं. ज्या गाण्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं ते गाणं मलाही नको वाटतं, मग ते कुठल्याही धर्माचं असो. माझी कसोटी सोपी आहे. गाणं मला काही पटवायला निघालंय, की माझ्याशेजारी येऊन बसलंय? स्टीफन्स, टिळक, लक्ष्मीबाई यांची श्रद्धा पक्की होती, त्यांना ती लपवायचीही नव्हती. पण त्यांनी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचा सूर आधी आपल्या कानात मुरवला. म्हणून ख्रिस्ती नसलेला वाचकसुद्धा ‘स्मृतिचित्रे’ उराशी धरतो.

या सभागृहात मागच्या रांगांत काही तरुण मंडळी दिसताहेत. इथल्या चर्चमध्ये गिटार वाजवणारी मुलं त्यांत असतील, भजनी मंडळात तबल्याला बसणारी असतील, लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजचे विद्यार्थीही असतील. त्यांच्यापुढे मी एक काम ठेवतो. जबलपूरहून मंडला आणि तिथून दिंडोरीची वाट धरा. पाटनगढला जा. चित्रकार जनगढसिंह श्याम यांचं हे गाव. त्यांची चित्रं जगभर गेली. त्या गावात आणि आजूबाजूला परधानांची घरं आहेत. बाना वाजवणारे हात अजून सापडतील तोवर जाऊन बसा. पहिल्या खेपेला गिटार नेऊ नका. गाणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर आधी विचारा, कुठल्या प्रसंगाचं आहे ते लिहून घ्या, कारण काही गाणी देवाच्या वेळेलाच म्हणायची असतात. परधानाला यजमान रिकाम्या हातानं पाठवत नसे. तुम्हीही पाठवू नका. गायकाचा मोबदला आधी ठरवा आणि तो जागेवर द्या. पुढे कधी त्या सुरावर तुमचं येशूचं किंवा विठोबाचं गाणं उभं राहिलं, तर तबकडीवर त्याचं नाव तुमच्या नावाच्या वर छापा, लंडनच्या त्या पुस्तकावर शामरावांचं छापलं होतं तसं, आणि पहिली प्रत टपालानं न पाठवता स्वतः नेऊन त्याच्या हातात द्या.